झोळी टांगाल, पण झाडं कुणाची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायकलवरून लांबच्या सफरीला जाणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत नुकताच एक लेख आला. तंबूचं ओझं कशाला वाहता, हॅमॉक घ्या, दोन झाडं बघा आणि मस्त झोपा, असा त्याचा एकूण सूर. लेखक तरुण असावा, कारण रात्री दोनदा उठावं लागतं याचा उल्लेख लेखात कुठेच नाही. सोबत फोटो होता. दोन माडांच्या मध्ये हॅमॉक, त्यात पुस्तक वाचणारी मुलगी आणि वर लगडलेले नारळ.

माझं आजोळ अलिबागजवळच्या नागावचं. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. आजीसुद्धा म्हणायची. पण माडाखाली बाज टाकली की तीच ओरडत यायची, "झावळीला कुठे असतात रे डोळे?" तो फोटो बघून हे पत्र लिहायला बसले आहे.

मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५८. महानगर टेलिफोन निगममध्ये ३० वर्षं नोकरी करून ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. मुलाची सायकल गॅलरीत गंजत पडली होती, ती दुरुस्त करून घेतली आणि पुढे तिच्यावरून उतरलेच नाही. माझ्याच एक्स्चेंजमधली एक मैत्रीण भांडुपला राहते. आम्ही दोघी वर्षातून दोनदा निघतो, दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याच्या सुमारास एकदा. कोकणात जायचं तर अटल सेतूवर सायकलला मज्जाव, म्हणून पहाटे चारला निघून भाऊचा धक्का आणि तिथून मांडव्याची रो-रो. पलीकडे उतरलं की अलिबाग, काशीद, मुरूड, मग आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी आणि पुढे दिवेआगर. हा रस्ता आता पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा झाला आहे.

हॅमॉकशी माझं वैर आहे असं समजू नका. आमच्या घरात त्याला झोळीच म्हणतात आणि माझ्याकडे एक आहे. पॅराशूटच्या कापडाची, जांभळी. मुलाने वाढदिवसाला दिली. तिच्यात दुपारची झोप जशी लागते तशी घरातल्या गादीवर लागत नाही, हे आधी कबूल करते. वाद फक्त रात्रीचा आहे.

लेखात बांधण्याबद्दल एवढंच होतं की पट्टे "घट्ट ताणून" बांधा. इथे मला थांबावंसं वाटलं. एक्स्चेंजमध्ये बारा वर्षं मी तक्रारींच्या टेबलावर होते, लाइनमन लोकांत बसून डबा खायचा. नव्या पोराने खांबावरून घराकडे जाणारी ड्रॉप वायर ताठ ओढली की जुना माणूस त्याला शिव्या घालायचा. वायरला झोळ ठेवायचा असतो. ताठ ओढलेली वायर पहिल्या पावसात फांदी टेकली की तुटते. झोळीचा हिशेब तोच आहे. माझं वजन ६२ किलो. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून उतरला, तर प्रत्येक पट्ट्यावर ६२ किलोचाच ताण येतो. तोच पट्टा ताणून १० अंशांवर आणला, तर एकेका बाजूला १८० किलोच्या आसपास. कडी तेवढीच, शिवण तेवढीच, झाडही तेवढंच. कोन बघायला मी नातवाच्या कंपासपेटीतला गुण्या नेते. मैत्रीण हसते, हसू दे.

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिवेआगरच्या सुरूच्या बनात आम्ही रात्रीसाठी पहिल्यांदा झोळ्या बांधल्या. मला पाठ सरळ लागते, म्हणून मी माझी झोळी बाजेसारखी सपाट ओढली. (सपाट झोपायचं तर झोळी सैल ठेवून तिच्यात तिरकं पडायचं असतं, डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या. हे मला नंतर कळलं.) बांधून झाल्यावर बोटाने टिचकी मारली तर पट्टा तंबोऱ्यासारखा वाजला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं! पट्ट्याच्या कड्या दुकानदाराने "गिर्यारोहणाच्या" म्हणून दिल्या होत्या. त्या किल्ल्या अडकवायच्या लायकीच्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास मी कुशीवर वळले आणि डोक्याकडची कडी उघडली. फार उंचावरून पडले नाही, दोनेक फूट असेल, पण खाली सुरूचं मूळ वर आलेलं होतं आणि त्यावर नेमकं माकडहाड आपटलं. मैत्रीण अंधारात विचारते, "कोण आलं?" मी म्हटलं, "मीच आले, खाली."

माकडहाड दुखावलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची म्हणजे काय, ते चालवणाऱ्यालाच कळेल. आरावी, शेखाडी, श्रीवर्धन हा आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात देखणा रस्ता, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला समुद्र. मी तो पूर्ण वेळ पेडलवर उभी राहून पाहिला.

सुरूचं सांगायचं तर तिथे झोळीवाल्यांची चैन असते हे खरं. सरळ खोडं आणि चार-पाच मीटरांचं अंतर, झोळीला हवं तितकंच. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं. सुरू, माड, पोफळी किती आडव्या झाल्या ते आमच्या नागावकरांना विचारा. जी झाडं उरली त्यातली काही कलली आहेत, काहींचे शेंडे वाळले आहेत. खोडाला हात लावून कुणाला कळत नाही, वर मान करून बघावं लागतं. पोफळीला तर झोळी बांधूच नये, ती बारीक असते, माणसाच्या वजनाने वाकते, आणि बागवाला वाकलेली पोफळ बघून तुमचं काय करेल ते मी सांगत नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. लेखात वजन, किंमत, आराम, डास या सगळ्यांची तुलना होती. झाड कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे बेवारस झाड शोधून दाखवा. कोकणातला आंबा कुणाच्या तरी बागेतला असतो. मोहोराच्या दिवसांत, म्हणजे नेमका सायकलवाल्यांच्या हंगामात, त्यावर औषधाची फवारणी चालू असते. त्याखाली रात्रभर तोंड वर करून झोपायचं? शिवाय पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या पट्ट्यावरून सरळ चालत येतात, पट्टा त्यांच्यासाठीच बांधलाय अशा थाटात. फणसाडसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. राहिली रस्त्याकडेची चिंच आणि वड, पण रस्त्याकडेला झोपणारा माणूस ट्रकच्या उजेडात कसा दिसतो, हा विचार मी तरी करते. घाट चढून वर देशावर गेलं की प्रश्नच मिटला. माळावर बाभळी, तीही एकटीदुकटी. जोडीदारीण शोधत दहा किलोमीटर जावं लागेल.

मार्च २०२४ मध्ये आम्ही कसारा लोकलच्या लगेजच्या डब्यात सायकली टाकून गेलो आणि पुढे मोखाडा, जव्हार असा बेत केला. उन्हं चढायला लागल्यावर निघालो, ही चूकच. दुपारी एका पाड्याच्या कडेला दोन मोहाची झाडं दिसली. खालची जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ, पालापाचोळासुद्धा नाही. मैत्रीण म्हणाली, देवाने आपल्यासाठीच केलंय. आम्ही झोळी बांधली, रात्रही इथेच काढू म्हणालो आणि मी आत आडवी झाले.

थोड्या वेळाने एक म्हातारा आला. त्याने आधी झोळीत डोकावून माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे, आणि काळजीने विचारलं, "कोण आजारी आहे?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि मी उठून बसले. त्या भागात रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतीण किंवा आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर बांबूला चादरीची झोळी बांधून चौघे खांद्यावर नेतात. आपण शहरात याच्या बातम्या वाचतो आणि पान उलटतो. त्या माणसाच्या डोळ्यांसमोर झोळी म्हणजे तेच होतं. मी हौसेने तीत पडले होते, जांभळ्या रंगाच्या, वाढदिवसाला मिळालेल्या.

मैत्रिणीने त्याला सांगितलं की कोणी आजारी नाही, आम्ही फिरायला आलोय. तो हसला नाही, रागावलाही नाही. मोहाच्या झाडाखाली बसला आणि म्हणाला, इथे रात्री झोपू नका. पहाटे फुलं पडतात, अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला येतात. ही दोन झाडं त्याच्या भावाच्या घरची होती. जमीन स्वच्छ होती ती फुलं मातीत मिसळू नयेत म्हणून झाडलेली. देवाने आमच्यासाठी केलेलं काही नव्हतं, त्या घरच्या बाईने सकाळी कंबर मोडून केलेलं होतं. आम्ही एखाद्याच्या खळ्यावर पथारी पसरावी तसे त्यांच्या पिकावर आडवे होणार होतो.

त्याने आम्हाला शाळेचा व्हरांडा दाखवला. मास्तरांना फोन लावून दिला, पोलीस पाटलाच्या कानावर घातलं. तिथे खांब होते, पण अंतर झोळीला लागणाऱ्या बारा-तेरा फुटांहून कमी, आणि शाळेच्या खांबाला लटकण्याची माझी तरी हिंमत झाली नसती. मैत्रिणीच्या कॅरिअरवर आमचा जुना घुमटीचा तंबू होता. काठ्या जोडल्या, आतला जाळीचा भाग उभा केला, वरचं पावसाचं कापड पिशवीतच ठेवलं. खुंटी एकही लागली नाही, फरशीवर तो आपला आपण उभा राहिला. जाळीतून वारा येत होता आणि डास बाहेर. पहाटे पाचला कंदील दिसले, टोपल्या दिसल्या. आम्हीही उठून गेलो. वेचायला बसलो तर बायकांनी हसून आमचे हात बाजूला केले, आम्ही फुलं चुरगळत होतो म्हणून.

त्या दिवसापासून माझा निर्णय पक्का आहे. आपल्याकडे सायकलवाल्याला रात्री लोक जागा देतात ती जमीन किंवा फरशीच देतात. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, कुणाच्या घरची ओटी. झाड कोणी देत नाही. म्हणून खुंट्यांशिवाय उभा राहणारा, जाळीचा भाग वेगळा वापरता येणारा तंबू जवळ हवा. कोकणच्या सड्यावरही तोच कामाला येतो, कारण जांभ्यात खुंटी ठोकायला गेलं तर खुंटीच वाकते. चार कोपऱ्यांना आत सामान ठेवायचं, बाहेर दगड लावायचे, झालं.

जमिनीवर साप-विंचू असतात म्हणून झोळी सुरक्षित, हेही लेखात होतं. भीती खोटी नाही. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि कित्येकदा चावल्याचं कळतसुद्धा नाही, पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात तेव्हा कळतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला तोपर्यंत किती जीव गेले. पण हा धोका उघड्यावर सतरंजी टाकून झोपणाऱ्याला आहे. तंबूला तळ असतो आणि चेन असते. चेन लावा, एवढंच पथ्य. झोळीवाला रात्रभर वर असतो खरा, पण त्याचे बूट खाली असतात, आणि लघवीला उतरताना पहिला पाय बुटात किंवा अंधारात जातो. माझ्या वयाला तो रात्रीत दोनदा जातो. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, हे दोघांनाही लागू.

वजनाचं बोलू या. माझी झोळी पट्ट्यांसकट ७०० ग्रॅम भरते, खरंच हलकी. पण डासांची जाळी ३००, वरचं छप्पर आणि दोऱ्या ६००. झाले १ किलो ६०० ग्रॅम, आणि पाठीखालच्या थंडीची सोय यात धरलेलीच नाही. झोळीत पाठीखालून वारा लागतो, अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगची ऊब जाते, दापोलीच्या बाजूला जानेवारीत पहाटे दात वाजतात. शिवाय कापड अंगाला चिकटलेलं असलं की डास खालून चावतात, जाळी काय करणार? आमचा तंबू २ किलो २०० ग्रॅमचा, दोघींचा. काठ्या आणि आतला भाग माझ्याकडे, वरचं कापड आणि खुंट्या तिच्याकडे, म्हणजे वाट्याला १ किलो १००. झोळी वाटून घेता येत नाही. आणि कपडे बदलायचं? दोन बायका उघड्या बनात चादरीखाली कपडे बदलताना किती वेळ लागतो हे लेखकाला माहीत नसणारच.

तंबूचे दोषही सांगते. कोकणात पहाटे तो आतून ओला होतो, आपल्याच श्वासाचं पाणी कपाळावर टपकतं. मार्चच्या पुढे वरचं कापड लावलं तर इडलीपात्र. आणि डोंगराच्या उतारावर, जिथे हातभर सपाट जमीन नाही, खाली दगड आणि चिखल, तिथे झोळीवाला जिंकतो, हे मी मुलाशी वाद घालतानाही मान्य करते. पावसाळ्यात मात्र दोन्ही घरी ठेवावं आणि सरळ खोली घ्यावी.

कोणी म्हणेल, झोळी तर किती जुनी गोष्ट. कॅरिबियन बेटांवर कोलंबसाने १४९२ मध्ये पाहिली, पुढे ब्रिटिश नौदलाने जहाजांवर घेतली. घेतली, कारण जहाजाला तुळया असतात, त्या हलत नाहीत आणि जहाजाच्याच असतात. मुंबई-नाशिक रस्त्यावर ढाब्यापाशी दुपारी क्लीनर पोरं ट्रकच्या पोटाखाली चादर बांधून झोपलेली दिसतात. त्यांनीही बांधायची जागा बरोबर आणलेली असते. आमच्या सायकलला झोळी बांधता येत नाही, एवढाच फरक.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा झाडाला रुंद पट्टा वापरायचा, सुतळी किंवा नायलॉनची दोरी नाही, ती साल कापते, हे एका ओळीत तरी घाला. मालकाला आधी विचारायचं, हे दुसऱ्या ओळीत. आणि माडाचा तो फोटो परत वापरू नका.

आपली,
एक वाचक, मुलुंड पूर्व
(नाव छापू नये. मुलगा झोळीवाल्यांच्या गटात आहे.)

ता. क. झोळीत पाठीखालच्या थंडीवर लेखकाने महागडी रजई सुचवली आहे. मी आपल्याच वृत्तपत्राची रविवार पुरवणी चार पदरी घडी करून स्लीपिंग बॅगखाली घालते, उत्तम ऊब राहते. पूर्वी दोन आठवड्यांच्या पुरवण्यांत भागायचं. हल्ली पानं कमी झाल्यामुळे तीन लागतात.